तसबिरीपलीकडचे स्वामीजी

आपल्या घरांच्या भिंती काय बोलतात याकडे आपण क्वचितच लक्ष देतो. काचीगुड्यातील जुना वाडा असो, बरकतपुऱ्यातील बंगली असो की शहराच्या नव्या टोकाला चौथ्या मजल्यावर थाटलेले बिऱ्हाड असो. मराठी कुटुंबाच्या बैठकीच्या खोलीत छत्रपती असतात, ज्ञानोबा-तुकोबांपैकी कोणी असतात, पुष्कळ ठिकाणी लोकमान्य असतात. काही जुन्या घरांतून भगवी वस्त्रे ल्यालेली, शांत मुद्रेची आणखी एक तसबीर आढळते. ती स्वामी रामानंद तीर्थ यांची. घरातील तरुण मुलामुलींना तिच्याविषयी विचारावे, तर 'आजोबांच्या वेळचे कोणी स्वामी होते' एवढेच उत्तर मिळते. काहींची तर ते आपल्या घराण्याचे गुरू असावेत अशी समजूत असते! स्वामीजींनी कोणाला मंत्र दिला नाही, मठ स्थापिला नाही, हे त्या बिचाऱ्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

दरवर्षी २२ जानेवारी येते. १९७२ साली याच दिवशी स्वामीजींनी आपल्या या शहरात देह ठेवला. बेगमपेठेत त्यांची समाधी आहे. पुण्यतिथीस हार घातला जातो, दोन भाषणे होतात आणि प्रत्येक भाषणाच्या शेवटी 'त्यांचा आदर्श आपण डोळ्यांपुढे ठेवला पाहिजे' हे वाक्य हमखास येते. ते वाक्य खोटे नाही. पण आदर्श डोळ्यांपुढे ठेवावयाचा म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी उठून नेमके काय करावयाचे, हे वक्ता सांगत नाही आणि श्रोताही विचारीत नाही. या महिन्यात त्याच प्रश्नाचा विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

थोर पुरुषांशी आपले जे नाते असते ते बहुधा दोन प्रकारचे. एक, पूजेचे. ते अवतारी, आपण सामान्य. त्यांना जे जमले ते आपल्याला कसे जमणार, असे म्हणून आपण हात जोडतो. ही नम्रता दिसावयास सुंदर, पण सोयीचीही फार आहे. ज्याला देव्हाऱ्यात बसविले तो आपल्याकडे फुलांखेरीज काही मागू शकत नाही. दुसरे नाते अनुकरणाचे. थोराची भाषा उचलावी, पेहराव उचलावा, त्याच्या उक्ती वेळीअवेळी पेराव्यात. यात उत्साह असतो, परंतु तो कपड्यांवरच थांबतो. मग थोरांपासून स्फूर्ती घ्यावी तरी कशी? आम्हांस वाटते, हे थोरांनाच विचारावे. कारण त्यांनीही कोणा ना कोणा थोराकडून ती घेतलेली असते. स्वामीजींनी ती कशी घेतली हे पाहण्याजोगे आहे.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक निवर्तले तेव्हा हा मुलगा सोलापुरात शिकत होता. वयाची सतरा वर्षे पुरी व्हावयाची होती. त्या दिवशी देशात लक्षावधी लोकांनी अश्रू ढाळले. या मुलाने आजन्म अविवाहित राहून देशाची सेवा करण्याची शपथ घेतली. कोवळ्या वयातील शपथा पुष्कळ असतात आणि मिसरूड फुटेपर्यंत त्या विसरल्याही जातात. ही शपथ पुढली एकावन्न वर्षे टिकली.

आता यातील मर्म पाहा. टिळक संन्यासी नव्हते. ते गृहस्थ होते, संपादक होते, गणिताचे व्यासंगी होते, वेदांच्या काळाविषयी लिहिणारे पंडित होते. त्यांच्याकडून घेण्यासारख्या गोष्टी इतक्या, की एखादा भोळा भक्त त्या सर्व घेऊ गेला असता तर एकही हाती लागली नसती. खेडगीकरांच्या या मुलाने एकच घेतली: देशकार्य हे उरल्यासुरल्या वेळात करावयाचे काम नव्हे. ही एक गोष्ट घेतल्यावर बाकीचे निर्णय आपोआप होत गेले. असहकाराच्या हाकेसरशी सरकारी शाळा सुटली, अमळनेरच्या राष्ट्रीय विद्यालयातून आणि पुण्याच्या टिळक विद्यापीठातून शिक्षण पुरे झाले. विवाह झाला नाहीच.

दुसरे प्रेरणास्थान स्वामी रामतीर्थ. आजच्या वाचकांना हे नाव फारसे परिचित नसेल म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. रामतीर्थ हे १८७३ साली पंजाबात जन्मले. लाहोरच्या महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. वेदान्ताच्या ध्यासाने त्यांनी नोकरी आणि संसार सोडला, जपान व अमेरिकेत व्याख्याने दिली आणि १९०६ साली, वयाच्या अवघ्या तेहेतिसाव्या वर्षाच्या आत, टिहरीनजीक नदीच्या प्रवाहात त्यांचा अंत झाला. त्यांचे पुष्कळसे लेखन उर्दूत आहे. लाहोरास असताना 'अलिफ' नावाचे उर्दू नियतकालिक ते काढीत. हैदराबादकरांना ही गोष्ट विशेष गोड वाटावी. ज्या संन्याशाच्या ग्रंथांनी आपल्या स्वामीजींना वेड लावले त्याने अद्वैत मांडले ते आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भाषेत.

१९३० च्या सुमारास रामतीर्थांच्या परंपरेतील संन्याशाकडून खेडगीकरांनी दीक्षा घेतली आणि व्यंकटेशाचे रामानंद तीर्थ झाले. नावातच गुरूंच्या गुरूंचे स्मरण गोवले गेले. परंतु रामतीर्थ हिमालयाकडे गेले. रामानंद तीर्थ गेले ते हैदराबाद संस्थानाच्या रस्त्यांवर, सभांतून, आणि पुढे तुरुंगात. गुरुपरंपरेने डोंगर दाखविला आणि शिष्याने बाजार निवडला, याला कोणी विसंगती म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. सर्वांभूती एकच आत्मा आहे असे जो खरोखर मानतो, त्याला गावच्या वेठबिगाऱ्याच्या पाठीवरील वळ पाहून ध्यान लावणे अवघड जाते. रामतीर्थांकडून त्यांनी निर्भयता घेतली, गुहा घेतली नाही.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरे नाव आहे आणि ते आपल्या भाषणांतून नेहमी गळते. ना. म. जोशी. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आयुष्य वेचलेला, १९२० साली अखिल भारतीय कामगार काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेला हा भारत सेवक समाजाचा सभासद. त्यांच्या हाताखाली तरुण खेडगीकरांनी चिटणीस म्हणून काम केले. जोशी हे वृत्तीने नेमस्त. टिळकभक्ताने नेमस्ताच्या कचेरीत बसून कागद लिहावेत हे त्या काळच्या पुष्कळांना रुचले नसते. पण कामगारांचे प्रश्न, त्यांची संघटना, आकडे, अर्ज, वाटाघाटी यांचे शिक्षण तेथेच मिळाले. आपला आवडता पुरुष ज्या पक्षाचा, त्या पक्षाबाहेर कोणी आदरणीय असूच शकत नाही असे मानणारे लोक आजही काही कमी नाहीत. त्यांनी ही नोंद लक्षात घ्यावी.

१९२९ साली हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक म्हणून ते निजामी राज्यात आले. हिप्परगा हे उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील आडगाव. मुलांना मातृभाषेतून, स्वाभिमानाने शिकविणारी खासगी शाळा चालविणे हेच त्या राज्यात धाडस होते. पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात त्यांनी काम केले. या दोन शाळांतून निघालेल्या विद्यार्थ्यांपैकी किती तरी पुढे मुक्तिलढ्यात दिसतात. पण आम्हांस त्याहून मोलाची वाटते ती गोष्ट निराळी. स्वतः भगवे नेसलेल्या या शिक्षकाने विद्यार्थ्यांना भगवे नेसविले नाही. त्यांच्या शिष्यपरिवारात वकील झाले, संपादक झाले, शेतकरी राहिले, काही कट्टर साम्यवादी झाले. परमेश्वरावर श्रद्धा नसलेल्या तरुणांचाही या संन्याशावर जीव होता. पी. व्ही. नरसिंह राव यांच्यासारखे तेलुगू तरुणही त्यांना गुरुस्थानी मानीत. याच नरसिंह रावांनी हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो' या कादंबरीचा तेलुगूत अनुवाद केला आणि १९९१ साली ते देशाचे पंतप्रधान झाले. मराठी आणि तेलुगू यांच्यामधील ही ये-जा आपल्या शहराचे खरे वैभव आहे. असो, तो स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

१९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. संस्था जन्मण्याआधीच तिचा मृत्युलेख लिहिणारे सरकार जगात विरळाच! त्या वर्षीच्या २४ ऑक्टोबरपासून सत्याग्रह सुरू झाला आणि पहिल्या काही दिवसांतच स्वामीजींना अटक होऊन शिक्षा झाली. त्याच सुमारास आर्य समाज आणि हिंदुमहासभा यांचेही सत्याग्रह चालू होते. राजकीय हक्कांची मागणी धार्मिक झगड्यात मिसळून जाईल म्हणून गांधीजींच्या सल्ल्यावरून डिसेंबरात स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह थांबविला. चळवळ ऐन भरात असताना ती थांबविणे कार्यकर्त्यांना किती जड गेले असेल याची कल्पना करावी. शौर्य आपल्याला चटकन दिसते. थांबण्यास लागणारे बळ दिसत नाही. आपल्या मुलांना आपण स्वामीजींचे तुरुंगवास सांगतो, हा डिसेंबर मात्र सांगत नाही.

बंदी उठावयास १९४६ उजाडावे लागले. त्यानंतर स्वामीजी अध्यक्ष झाले. ७ ऑगस्ट १९४७ रोजी संस्थानभर 'भारतात सामील व्हा' दिन पाळला गेला. १५ ऑगस्टला देश स्वतंत्र होत असताना स्वामीजी निजामाच्या अटकेत होते. नोव्हेंबरअखेर सुटका, जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा अटक, आणि भारतीय सैन्याच्या कारवाईनंतर सप्टेंबरात शेवटची सुटका. हा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. येथे तो उगाळीत बसत नाही.

येथे आमच्या काही वाचकांच्या ओठांवर जो आक्षेप येईल तो आम्हांस ऐकू येतो. 'स्वामीजी संन्यासी होते. मागे ना लेक ना सून. आम्हांला संसार आहे, नोकरी आहे, मुलांची शिक्षणे आहेत. संन्याशाचा आदर्श आम्ही कसा घ्यावा?' आक्षेप वाजवी आहे. म्हणून याच शहरातील एका गृहस्थाचे नाव घेतो.

कै. केशवराव कोरटकर १८६७ साली जन्मले. व्यवसायाने वकील, नाव आणि पैसा दोन्ही मिळविलेले. पुढे हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. निजामी राज्यातील प्रतिष्ठित माणसाला जे जे गमावण्याची भीती असते ते सर्व त्यांच्याजवळ होते. त्या काळच्या पुण्या-मुंबईकडील सुधारकांचे विचार त्यांनी वाचले आणि मानले. असे वाचणारे व मानणारे तेव्हाही पुष्कळ होते. केशवराव निराळे ठरले ते दोन गोष्टींमुळे. १९०७ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेक वर्धिनी शाळा उभी केली. आपल्यापैकी कित्येकांची आजी-आजोबांपासूनची पिढी तेथे शिकली. आणि स्वतःच्या मुलाला, विनायकरावांना, त्यांनी हरिद्वारजवळच्या कांगडी गुरुकुलात पाठविले. राज्याच्या चाकरीची वाट ज्या शिक्षणाने सुकर होई ते सोडून, प्रतिष्ठित वकिलाने मुलाला दूर गंगेकाठी धाडावे, हे त्यांच्या स्नेह्यांना विचित्रच वाटले असेल. विनायकराव तेथून 'विद्यालंकार' होऊन आले, विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले, आर्य समाजाच्या लढ्यात पुढे राहिले आणि पुढे हैदराबाद राज्याचे मंत्रीही झाले. केशवराव १९३२ साली वारले. मुलाचे मंत्रिपद त्यांनी पाहिले नाही.

केशवरावांनी संसार सोडला नाही. त्यांनी आपल्या संसारातील एक निर्णय त्या विचाराच्या स्वाधीन केला. गृहस्थाला एवढे करता येते, आणि खरे पाहता हे सोपे नाही. मुलाचे शिक्षण, मुलीचा विवाह, घरात कामाला येणाऱ्या बाईचा पगार, भाडेकरू ठेवताना विचारावयाची जात. आपले आदर्श बहुधा या चार ठिकाणी येऊन अडतात. व्यासपीठावर ते अडत नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळतो. आपल्या जुन्या मंडळींच्या बोलण्यात एक सल असते. उघड कोणी लिहीत नाही, पण लग्नाकार्याच्या पंगतीत, चार पिकली पाने एकत्र जमली की विषय निघतो. हैदराबाद राज्य भाषेनुसार विभागले जावे असा आग्रह ज्यांनी धरला त्यांत स्वामीजी अग्रभागी होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते घडले. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे तेव्हाच्या द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. गुलबर्गा, रायचूर, बिदर म्हैसूरकडे आणि तेलंगण आंध्र प्रदेशाकडे. मराठवाड्याची माणसे आपल्या भाषेच्या घरी गेली, याचा आनंद कोणाला नव्हता? परंतु काल ज्या राजधानीत आपण राज्याच्या तीन प्रमुख भाषासमूहांपैकी एक होतो तेथे आज आपण मूठभर उरलो. कचेऱ्यांतील, न्यायालयांतील मराठी माणसे बदलून गेली, नातलग पांगले. शाळांतील वर्ग रोडावत गेले. 'ज्यांच्यासाठी आम्ही लाठ्या खाल्ल्या त्यांनीच आम्हांला पोरके केले,' असे म्हणणारे वृद्ध आमच्या परिचयाचे आहेत. त्यांचा राग खोटा नाही आणि त्यांची भक्तीही खोटी नाही. त्याच घरात तसबीर असते.

या सलेचे काय करावे? ती झाकावी, असे काहींना वाटते; पुण्यतिथीच्या दिवशी अशुभ कशाला बोला? आम्हांस ते पटत नाही. आदरणीय पुरुषाने आपले हित साधून दिले म्हणून आपण त्याला मान देत असू, तर ती स्फूर्ती नव्हे. तो हिशेब झाला. वकिलाने दावा जिंकून दिला की पक्षकारही त्याला हार घालतो. स्वामीजींनी हैदराबादेतील मराठी माणसाची वकिली केली नाही. एका भाषेच्या सामान्य शेतकऱ्याला त्याच्या भाषेत कारभार मिळावा, हे तत्त्व त्यांनी मराठवाड्यासाठी मानले म्हणून तेलुगू आणि कानडी जिल्ह्यांसाठीही मानले. उर्दूतील फर्मान न कळल्यामुळे ज्याने तलाठ्यापुढे आयुष्यभर मान लववली, त्या माणसाच्या बाजूने पाहिले म्हणजे आपल्या शहरी दुःखाचे माप थोडे बदलते.

आणि या निर्णयाने स्वामीजींचे स्वतःचे काय झाले, हेही पाहावे. त्यांचे नेतृत्व तिन्ही भाषांच्या हैदराबाद राज्यात घडलेले होते. १९५२ साली ते गुलबर्ग्यातून लोकसभेवर निवडून आले, १९५७ साली औरंगाबादेतून. राज्य तुटले तसे त्यांचे क्षेत्रही तीन तुकड्यांत वाटले गेले. ज्या फांदीवर आपण उभे आहोत ती तोडणे न्यायाचे आहे असे ठरल्यावर त्यांनी ती तोडली. १९६२ नंतर ते सत्तेच्या राजकारणातून बाजूला झाले. मराठवाड्यात त्यांना डोक्यावर घेणारी घरे हजारो होती. पण अखेरपर्यंत ते राहिले हैदराबादेत, तुमच्याआमच्यासारखेच, दुसऱ्या भाषेच्या राज्यात. आपण त्यांनी मागे टाकलेले लोक नव्हे. जे मागे राहिले त्यांत तेही एक होते.

याचा अर्थ त्यांचा निर्णय सर्वांशी बरोबर होता असे आम्ही म्हणत नाही. तेलुगू जिल्ह्यांची १९५६ ची जुळणी टिकली नाही. २०१४ साली तेलंगण वेगळे झाले. एक भाषा म्हणजे एक राज्य हे समीकरण त्या पिढीला वाटले तितके सरळ नव्हते. थोर पुरुषाचे राजकीय अनुमान चुकू शकते, त्याच्याशी मतभेद ठेवूनही त्याच्या आचरणापुढे मस्तक लववता येते. उलट, ज्याच्याशी वाद घालावयाची आपली छाती होत नाही त्याच्याकडून शिकणे कठीणच. मुलांपुढे निष्कलंक मूर्ती ठेवली म्हणजे ती आदर करतील हा आपला भ्रम आहे. ती जांभई देतात.

आणखी एक गोष्ट, जी लिहिताना हात थोडा अडखळतो. १७ सप्टेंबर १९४८ हा आपण मुक्तीचा दिवस मानतो आणि तो तसा आहे. रझाकारांनी केलेले अत्याचार ज्यांनी पाहिले त्यांच्या कुटुंबांना ते सांगावे लागत नाहीत. परंतु त्या सप्टेंबरानंतरच्या आठवड्यांत संस्थानाच्या जिल्ह्यांतून, त्यांत मराठी जिल्हेही आले, निरपराध मुसलमानांची मोठ्या प्रमाणावर हत्या झाली. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ते नोंदविले. तो अहवाल दीर्घकाळ लोकांपुढे आला नाही. आपल्या गल्लीत, आपल्याच दुकानी सामान घेणाऱ्या शेजाऱ्याच्या घरी त्या आठवणी आहेत. स्मरणदिनाच्या भाषणांतून एवढे वगळून जे उरते ते ऐकावयास बरे वाटते, पण त्याने माणूस थोर होत नाही, फक्त फुशारतो.

शोएबुल्लाखान हे नाव म्हणूनच प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असावे. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे हे तरुण संपादक. हैदराबादने भारतात सामील व्हावे असे ते निर्भयपणे लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये, मुक्तीच्या महिनाभर आधी, रात्री कचेरीतून घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला. लिहिणारा हात तोडण्यात आला आणि त्यांचा अंत झाला. ही घटना काचीगुड्याच्या परिसरातील आहे, जेथे आपली निम्मी वस्ती होती. त्यांची तसबीर आम्ही मराठी घरात अद्याप पाहिलेली नाही. उर्दूत लिहिणाऱ्या रामतीर्थांचे नाव धारण करणाऱ्या संन्याशाच्या शेजारी, उर्दूत लिहिता लिहिता प्राण देणाऱ्या या संपादकाला जागा मिळावी हे अगदी स्वाभाविक होईल.

गृहिणी विचारतील, मुलांना हे सर्व सांगावयाचे कसे? व्याख्यान देऊन नव्हे, एवढे आम्ही खात्रीने सांगतो. सुटीच्या दिवशी बेगमपेठेची समाधी दाखवावी. तेथे गेल्यावर फार बोलू नये. मुले प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे द्यावीत. स्वामीजींनी आपल्या लढ्याच्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या, त्या १९६७ साली प्रसिद्ध झाल्या. आपली मुले मराठीपेक्षा इंग्रजी सहज वाचतात ही तक्रार आपण नित्य करतो. येथे ती तक्रार उपयोगी पडेल! ज्यांना मराठीतून वाचावयाचे आहे त्यांच्यासाठी अनंत भालेराव यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ आहे. तो मोठा आहे. सलग वाचण्याचा हट्ट धरू नये. आपल्या मूळ गावाचे नाव शोधावे आणि तेथून आरंभ करावा.

मोठ्यांसाठी मात्र थोडे अधिक मागणे आहे. सोळा वर्षांच्या मुलाने १९२० साली टिळकांच्या अवघ्या चरित्रातून एक गोष्ट निवडली, हे वर सांगितलेच. घरातील कर्त्या माणसांनी या २२ जानेवारीस हार घालण्यापूर्वी एवढेच ठरवावे: या तसबिरीतील माणसाची कोणती एक गोष्ट आपल्याला या वर्षी परवडणार आहे? परवडणार, हा शब्द आम्ही जाणून वापरतो. कारण तिला काही किंमत पडली पाहिजे. कोणी शेजारच्या तेलुगू किंवा उर्दू भाषक मुलांना आठवड्यातून दोन संध्याकाळी गणित शिकवील. कोणी मुलीच्या लग्नात ती म्हणेल त्या घराला होकार देईल. कोणी समाजाच्या संस्थेतील वर्षानुवर्षे सांभाळलेले पद तरुणाच्या हाती देऊन मागच्या ओळीत बसेल. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत दुष्कर, असा आमचा या शहरातील अनुभव आहे!

शेवटी एक विनंती. १९४७–४८ मध्ये ज्यांनी प्रत्यक्ष तुरुंग पाहिला, सरहद्दीवरच्या शिबिरांत काम केले, पत्रके वाटली किंवा भूमिगतांना जेवू घातले, त्या पिढीतील फार थोडी माणसे आता आपल्यात आहेत, आणि तीही नव्वदीच्या पुढची. स्त्रियांच्या आठवणी तर कोणी लिहूनच घेतलेल्या नाहीत. रात्री-अपरात्री आलेल्या अनोळखी पाहुण्याला भाकरी करून वाढणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना आपण स्वातंत्र्यसैनिक म्हणालोच नाही. ज्यांच्या घरी अशा कोणी असतील त्यांनी त्यांच्याजवळ बसून, त्यांच्याच शब्दांत, जसे सांगतील तसे उतरवून घ्यावे. १९५६ ची सल निघाली तर तीही वगळू नये. जुने पत्र, तुरुंगातील वही, खादी समितीची पावती असे काही ट्रंकेत सापडल्यास मूळ कागद आपल्याजवळच जपून ठेवून त्याची प्रत आमच्याकडे धाडावी. जसजशी येतील तसतशी ती या पानांतून देऊ.